एकपासून पुन्हा

मढवींची जुईली संध्याकाळी दार वाजवते,
हातात टप उघडलेली रिमोटची गाडी,
तिच्या पाठीवर रबरबँडने आवळलेला बोर्ड,
नखाएवढा दिवा.
"काका, ही चालली की हा विसरतो."

ऐरोली, सेक्टर आठ. जेवणाच्या टेबलावर
मटारची परात बाजूला सरकते.
गाडीचीच बॅटरी, साडेसात व्होल्ट, तीच बोर्डालाही.
बोर्ड मोजतोय, आकडे तिच्या मोबाइलवर येतायत:
एक, दोन, तीन... सतरा.
मी बटण दाबतो. चाकं गरगरतात,
दिवा मिटतो, उघडतो,
आणि पुन्हा एक.

तिने प्रोग्रॅम चाळीसदा बदललाय,
वहीत लिहून ठेवलंय कितव्यांदा काय.
प्रोग्रॅमला काही झालेलं नाही, पोरी.
त्याच्या तोंडचा घास पळवतंय कुणीतरी.

कळव्याच्या सबस्टेशनात एकतीस वर्षं
मी हेच बघत होतो.
रात्री कुठेतरी भट्टी पेटायची,
सुई मान टाकायची,
फोनवर कुणी ना कुणी ओरडायचं,
मी रजिस्टरमध्ये वेळ लिहायचो.
मोटर उठताना आधी सगळं ओढून घेते,
मग हळूहळू माणसात येते.
(तुम्हीही ड्यूटीवरून तसेच यायचात,
शालन मटार सोलता सोलता.)

"मी वेगळा सेल लावून बघितला.
मग चाकं ऐकेनात."
काळ्या तारा जोडल्या नसशील.
लाल दोन असू देत, काळी एकच लागते,
नाहीतर शून्य कुठे
यावरच दोघांचं जमत नाही.

मेलेल्या सेट-टॉप बॉक्समधून
मी कपॅसिटर उपटतो, अंगठ्याएवढा,
आणि एक डायोड: आत येऊ देईल, मागे जाऊ देणार नाही.
"म्हणजे गच्चीवरची टाकी," ती म्हणते.
तेच. मी केव्हाचा शब्द शोधत होतो.
पांढरी पट्टी काळ्या तारेकडे. उलटा लावलास तर फुटतो,
ही भुवई बघ माझी.

डाख तीच देते. माझा हात आता हलतो.
राळेचा धूर सालींवरून खिडकीकडे.

एकोणीस. वीस. बटण.
गाडी सुटते, टेबलाखालून, पॅसेजमधून,
चपलांच्या कपाटावर आपटून उताणी पडते,
चाकं हवेत.
आम्ही तिच्याकडे बघतच नाही.
एकवीस.
बावीस.
काय झालं गं? शालन विचारते.
"काही नाही झालं, काकू,"
जुईली, मोबाइलवरची नजर न काढता,
"तेवीस."