तडा

खानापुरात, स्टेशन रोडला,
इनास बार्देसकरच्या दुकानात
स्टोव्हच्या पिना, छत्र्यांच्या काड्या
आणि एक लाखेचा तवा, काठापासून तडा गेलेला.
नावांचा कागद झुरळांनी खाल्लेला.
चौघे काळे गडी, अमेरिकेतले, एवढंच ठाऊक.
वाजंत्री नाही. नुसते गळे.

दस्तगीर म्हणाला, पेटी कुठाय?
इराप्पा म्हणाला, याक बेक?
खालचा गळाच पेटी की.

शब्द कुणालाच कळले नाहीत,
म्हणून भांडणही झालं नाही
कुठल्या भाषेतले ते.

कौलांच्या कारखान्यातून सुटले की
मातीच्या हातांनी चावी द्यायचे,
एकेक गळा सुटा करायचे
सुतळीचा पीळ उकलावा तसा.
दर फेऱ्याला सुई तड्यावर आपटायची, टक्क.
तिथं हे चौघे श्वास गिळायचे.
त्यांना वाटलं, गाणंच तसं आहे.

परवा इनासला पुरला.
परशरामकाका ऐंशीला टेकलेला,
दस्तगीरच्या हातात काठी,
इराप्पाला ऐकू कमी.
तवा कधीच फुटलेला,
पण टक्क यायचं त्या जागी
तिघंही थांबले, एकदमच.
खर्ज इनासचा होता.
तो कुणी घेतला नाही.
खालची जागा तशीच मोकळी सोडून
वरचं वर गात राहिले,
ओल्या मातीकडं बघत.

मी तांदूळ निवडताना गुणगुणते.
सून म्हणाली, मामी, रोज तिथंच अडतंय बघा.

होय म्हटलं.
तिथं अडायचंच असतंय.