आठ साते

नेल्सन, लँकेशर. नोव्हेंबरातली परीक्षा.
धुराड्यांनी बाहेर दुपारीच दिवेलागण केलेली.
आत बत्तीस मुलं, बत्तीस दौती,
आणि शेकोटीपाशी इन्स्पेक्टरसाहेब,
हातमोजे न काढता घड्याळ बघणारे.

कायदा साधा होता:
प्रत्येक मुलानं शाळेत आलंच पाहिजे.
नाही आलं तर मिस्टर ग्रिमशॉ यायचे,
दारावर काठीनं तीनदा,
मग बापाला कोर्ट, पाच शिलिंग दंड.

पण त्याच कायद्याला एक चोरखिसा होता.
अकरा पुरी झालेली, ठरल्या इयत्तेइतकं
वाचता-लिहिता-मोजता येणारी मुलं
अर्धा दिवस गिरणीत गेली तर चालत होती.

म्हणजे ज्याला आलं, तो सुटला.
ज्याला येत नव्हतं, तो माझ्यासमोर
जांभया देत बसला, तेरावं सरेपर्यंत.
दर वर्षी माझी सगळ्यांत चांगली मुलं
मीच घासूनपुसून गिरणीच्या फाटकात नेऊन सोडायची,
आणि साहेब माझ्या नावापुढे
'उत्तम' लिहून पाचची गाडी पकडायचे.

थर्झा होल्डन व्याजाची गणितं
पेन्सिल न उचलता करायची.
फळा पुसायला उठली
की माझी चूक आधी, बाकीचं नंतर पुसायची.
त्या दिवशी तिच्या पेपरावर
वळणदार, ठसठशीत:
आठ साते चोपन्न.
खाली आणखी चार चुका.
चार चुकांपर्यंत पास होता येत होतं.

ती मोजून नापास झाली होती.

तांबड्या शाईत टाक बुडवला
आणि तसाच धरून बसले,
कागदावर एक थेंब पडेपर्यंत.
मग पाचही ठिकाणी फुल्या केल्या, नीट.

शनिवारी तिची आई आली.
लाकडी तळव्यांचे बूट पायरीवर आपटत,
शालीत तान्हं.
"आठवड्याचे अडीच शिलिंग, बाई.
शेजारची ती मठ्ठ हेप्झिबा पास होते
आणि आमची कशी नाही?"
मी म्हटलं, घाबरली असेल.
खोटं मी आधीही बोलले होते.
पण त्यांची किंमत कोणी
दर शनिवारी चुकवली नव्हती,
पिठात, कोळशात, तान्ह्याच्या दुधात.

पुढच्या हिवाळ्यात ऍब्सलम होल्डनच्या छातीत
कापूस बसला. तो अंथरुणातून उठेना.
परीक्षेच्या आदल्या दिवशी थर्झा टेबलापाशी आली.
"या वेळी बरोबर लिहीन, बाई."
मी मान हलवली.
काय म्हणायचं असतं अशा वेळी?
शाबास?

मग एक आठवडा सकाळी गिरणी, दुपारी शाळा,
पुढच्या आठवड्यात उलटं.
पहाटे साडेपाचला तिचे बूट माझ्या खिडकीखालून जात,
इतर शेकडो बुटांत मला वेगळे ऐकू येत,
किंवा तसं वाटे.
दुपारी ती केसांत तंतू घेऊन यायची
आणि भूगोलात, ऑस्ट्रेलियाच्या आसपास,
पाटीवर गाल टेकायची.
मी उठवत नसे.
हजेरीपटात झोपेला वेगळी खूण नाही.
मी लिहायची: हजर.

मागांच्या खडखडाटात आवाज पोचत नाही,
म्हणून तिथं बायका नुसत्या ओठांनी बोलतात.
थर्झा ते महिन्याभरात शिकली.
तिला सगळंच महिन्याभरात यायचं.

एकदा मी वर्गाला विचारलं, आठ साते?
कोणी वर बघेना.
मागच्या बाकावर, डोळे अर्धे मिटलेले,
तिचे ओठ हलले. आवाज नाही.
माझ्या आईला वाचता आलं असतं ते,
तिनं वीस वर्षं माग चालवले.
मला शाळेनं ते शिकवलं नाही.

छप्पन असेल.
पण चोपन्न म्हणतानाही
ओठ तिथंच मिटतात.