कोणाकडं आले जी?

एकतीस वर्षं बडनेऱ्याच्या छाटणीघरात
रात्रपाळीला उभा राहून
मी ही गावं खणांत टाकली.
दोनशे दोन, दारव्हा. दोनशे तीन, दिग्रस.
तीनशे एक दिसलं की हात आपोआप
डावीकडे वर, घाटंजीच्या खणात.
गाव म्हणजे तेव्हा फक्त अक्षर होतं,
कुणाचं तिरकं, कुणाचं पाणी पडून पसरलेलं;
'मु. पो.' नंतर एक लांब रेघ
आणि तिच्या टोकाला नाव,
चालून दमल्यासारखं टेकलेलं.

आता पासष्टी उलटली. तिकीट अर्धं.
लागेल त्या एसटीत बसतो,
फाटा आला की उतरतो.

पांगरखेडात एकही पांगारा नाही.
"होता," पानठेलेवाला म्हणाला,
आणि सुपारी कातरत राहिला.
बोदगव्हाण मला वाटायचं मोठं असेल,
दिवाळीत तिथली भेटकार्डं खणातून सांडायची.
निघाली तीस घरं, एक हातपंप,
शाळेच्या भिंतीवर भारताचा नकाशा,
त्यात विदर्भाच्या जागी खिडकी.

तालुक्याचे चौक मात्र एकमेकांचे मावसभाऊ.
तीच मोबाइलची दुकानं, त्याच टांगलेल्या बादल्या,
तर्रीच्या पातेल्याभोवती उभ्यानं खाणारी माणसं,
आणि रस्ता वळतो नेमका तिथंच
कुणाची तरी तुरीच्या पोत्यांची बंडी.
मला आवडतात ते. कुणी काही विचारत नाही.

गावात विचारतात.
पारावरून, ओट्यावरून, सायकल न थांबवता,
"कोणाकडं आले जी?"
कोणाकडेच नाही, म्हटलं
की माणसं गप्प होतात, शिष्टाचारानं.
मग कुणी तरी म्हणतं, सर्वेवाले असतील.
कुणी म्हणतं, पोरीसाठी स्थळ पाहत असतील.
एकदा मला पाहून एकानं
विजेचा आकडा काढून ठेवला.

सावळीत, पौषात, दुपारी
हाच प्रश्न एका बाईनं विचारला,
सुपातून मान वर न करता.
काय झालं ठाऊक नाही,
तोंडातून पत्ता निघाला अख्खा:
"पुनाबाई डोमाजी उईके, मारुतीच्या मागं."
हिरव्या शाईतली पाकिटं, महिन्याला एक,
देवळालीच्या छावणीतून.
'मागं'वरचा टिंब दर वेळी
कागद फाटेल इतका दाबलेला.
सात वर्षं येत होती.
मग एका पावसाळ्यात थांबली.
मी खण दोनदा हात घालून पाहिला होता.

बाई उठली. सूप बाजूला ठेवलं.
"त्या तं गेल्या चांद्याले. पोरीजवळ रायतेत."
आणि पोराचं?
तिनं बाजेवरची गोधडी झटकली,
"बसा," म्हणाली. "च्या ठेवतो."

मारुतीमागं कुलूप होतं.
कुलपाला कुणी तरी अजून तेल देत होतं.

चहात साखर फार होती.
मी कोण, हे तिनं विचारलं नाही.
पुनाबाईकडचा, एवढं तिला पुरलं.
निघताना तिनं पिशवी पुढे केली,
तुरीच्या ओल्या शेंगा, वर जुन्या लुगड्याची गाठ.
"कधी गेलेच तिकडं, तं देऊन द्या."
पत्ता?
"पत्ता कायले? सावळीच्या पुनाबाई म्हना,
कोनीबी सांगते."

एवढ्या मोठ्या चांद्यात. ना गल्ली, ना पिन.
असलं टपाल आम्ही
अपुऱ्या पत्त्याच्या गठ्ठ्यात बांधून परत पाठवायचो.

फाट्यावर एसटी उशिरा आली.
पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी बसलो.
बाहेर रोह्यांचा कळप हरभऱ्यातून
मान न हलवता बघत होता.
वणी, वरोरा, मग चांदा,
दोन ठिकाणी बदलावी लागेल,
मी मनात खण लावत गेलो.

मग गाठ थोडी सैल केली,
एक शेंग काढली, सोलली, खाल्ली.
एकतीस वर्षांत
टपालातलं काही उघडल्याची
ही पहिलीच वेळ.