वाव

सात नंबर बेडचा आकडा चौदा.
चौदा म्हणजे ठीक. चार्टवर चौदा लिहिते,
आणि तरी स्टूल ओढून मॉनिटरसमोर बसते.

श्रावण नंदनवार, वय चौतीस, कूलर फिटर.
पाचपावलीत दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला स्टँड लावताना
भिंतीतला बोल्ट सुटला.
एप्रिलचा शेवट, पारा चव्वेचाळीस,
दिवसाला पंधरा-पंधरा कूलर बसवायचा हंगाम.

आता त्याच्या कपाळाच्या वर, उजवीकडे
एक बारीक नळी, नळीत पाणी,
पाण्याच्या टोकाला यंत्र.
यंत्राचा शून्य मी त्याच्या कानाच्या रेषेत धरते.
तोही असाच एक डोळा मिटून
लेव्हल बघत असेल खिडकीवर.

दाराच्या काचेपलीकडून प्रणिता बोटांनी विचारते, किती?
मी बोटांनीच सांगते, आधी एक, मग चार.
ती हात जोडते.
लाट तिला दिसत नाही तिथून.

लाटेला तीन टेकड्या.
बऱ्या डोक्यात पहिली उंच, दुसरी तिच्याहून बुटकी, तिसरी त्याहून,
जिना उतरल्यासारखं.
श्रावणची दुसरी पहिलीच्या डोक्यावरून बघते आहे.
आकडा सांगतो, आत्ता दाब किती.
आत अजून वाव किती, ते आकड्याला विचारून उपयोग नाही.

डॉक्टर उईके म्हणाले होते, पूर्वी
सिरिंजने एक मिली पाणी आत ढकलून बघायचे,
दाब किती चढतो ते.
"आपण कशाला ढकलायचं, सिस्टर?
हृदय ढकलतंच आहे, दर ठोक्याला चिमूटभर रक्त.
मेंदू त्याला काय उत्तर देतो तेवढं वाचा."

रात्री दोनला प्रणिता जिन्यात भेटली.
"नंबर त बराबर हाय न, सिस्टर?
मंग तुमी काहून त्या टीव्हीकडंच पाहून राह्यल्या?"
मी विचारलं, घर केवढं आहे तुमचं?
"दहा बाय बारा. सहा जनं."
आणि पाहुणे आले की?
"पेटी खाटंखाली. सायकल बाहेर. मोठ्या पोराले मावशीकडे."
आणखी आले तर?
ती जरा थांबली.
"मंग एक मानूस बी लय होते जी."

तिथेही तसंच.
पाणी आधी पाठीच्या कण्यात उतरतं,
शिरांतलं रक्त बाजूला सरकतं,
घर सावरून घेतं आणि आकडा चौदाच राहतो.
फक्त भिंती हाडाच्या, आणि सायकल
एकदाच बाहेर ठेवता येते.
हे मी तिला बोलले नाही. पाणी पी, म्हटलं.

तीन दहाला त्याच्या घशातला कफ ओढला.
चौदा. एकोणीस. सव्वीस.
सव्वीसकडे मी बघत नाही, घड्याळाकडे बघते.
चढायचं तर चढणारच, खोकला आहे.
परत यायला किती वेळ लागतो, ते खरं.
एक मिनिट. दोन.
बाहेरच्या व्हरांड्यात कूलरचा पंप घरघरतो, त्याची जाळी सैल आहे,
श्रावणने ऐकली असती तर उठून आवळली असती.
साडेचार मिनिटांनी पंधरा.

काल नऊ लागली होती.

चार्टवर याला रकाना नाही.
रकाने आहेत ताप, लघवी, बाहुल्या, आकडा यांना.
समासात पेन्सिलीने लिहिते: साडेचार.
खाली: दुसरी टेकडी अजून वर, पण काल इतकी नाही.
उईके वाचतील. न वाचले तर दाखवीन.

सहाला मेडिकल चौकाकडून तर्रीचा वास येऊ लागतो.
व्हरांड्यात प्रणिताने आपली सतरंजी अर्धी दुमडली आहे,
उरलेल्या अर्ध्यात बारा नंबरवाल्याची आई,
रामटेकहून रात्रीच आलेली, बसल्या बसल्या झोपलेली.

"किती जी?"
चौदाच, मी म्हणते. पण कालच्यापेक्षा वाव आहे थोडा.
"वाव," ती म्हणते, शब्द तपासल्यासारखा,
आणि बाटली घेऊन नळाकडे जाते.