निवेदन, तीन प्रतींत

तहसील कचेरीच्या कडुनिंबाखाली माझं टेबल.
एका पानाचे वीस रुपये, घाई असेल तर तीस.
चुका माझ्या, मजकूर तुमचा.

परवा डॉक्टर मुनगिलवार स्वतः आले,
संघटनेचे तालुकाध्यक्ष.
म्हणाले, देवाजी, आजच पोचलं पाहिजे,
आमदारसाहेब साडेचारला नागपूरला निघतात.
लेटरहेड जाड. बोट फिरवलं
तर काठीवरचा सोनेरी साप हाताला लागायचा.
एक कागद जास्तीचा दिला, चुकलं तर असावा म्हणून.

विषय: उपकेंद्रावरील परिचारिकांना
सहा महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर
औषधे लिहून देण्याचा अधिकार देऊ नये याबाबत.
महोदय, अर्धवट शिकलेल्या हातांत
ग्रामीण रुग्णांचा जीव सोपवणे घातक आहे.
मागणी मान्य न झाल्यास बुधवारपासून
तालुक्यातील सर्व खाजगी दवाखाने बंद.

मी डॉक्टरांच्या विरोधात नाही, जी.
याच मुनगिलवारांनी माझ्या पोट्ट्याचा निमोनिया
रात्री दोनला ओळखला,
फी विचारली तर म्हणाले, जा, घरी जाऊन झोप.
अन् दिवाळीच्या तोंडावर त्या तरण्या डॉक्टरला
लोकांनी दवाखान्यात घुसून मारलं,
तेव्हा याच लेटरहेडवर एका दिवसात बंदोबस्त आला.
तोही कागद माझ्याच हातचा.
त्या दिवशी मी पैसे घेतले नाहीत.

पण ‘अर्धवट’ उमटवताना बोट अडखळलं.
तीस वर्षं हेच करतो.
अर्धं अक्षर काढायला शिफ्ट दाबून धरावी लागते,
अन् ते एकटं उभं राहत नाही,
पुढच्याच्या खांद्याला टेकतं.
‘डॉक्टर’ लिहायचं तर क मोडावा लागतो,
‘आरोग्य’ लिहायचं तर ग.
‘वैद्य’मधल्या द्यला तेवढी स्वतःची कळ आहे,
आधीपासूनच.
‘परिचारिका’ लिहिताना
एकही अक्षर मोडावं लागत नाही.
‘संघटना’ लिहितानाही नाही, हेही खरं.

बुधवार उजाडायच्या आधीच उत्तर आलं:
प्रस्ताव तूर्त स्थगित.
डॉक्टरांच्या ड्रायव्हरनं पेढे आणून दिले.
दोन मी खाल्ले, बाकीचे घरी नेले.

शुक्रवारी वनमाला टेकाम आली,
भिवकुंडच्या उपकेंद्राची सिस्टर.
सतरा किलोमीटर जीपच्या मागच्या फळीवर बसून.
म्हणाली, भाऊ, तोच अर्ज. तारीख बदला फक्त.
तो अर्ज मला पाठ आहे.
आषाढ ते भादवा नाला चढलेला असतो,
डॉक्टर येत नाहीत, फोन लागत नाही,
औषध कपाटात असतं,
कपाटाची किल्ली माझ्याकडे असते,
तरी आदेश असावा ही विनंती.
गेल्या साली आवक क्रमांक तीनशे दोन,
त्याच्या आधी अकराशे सत्तेचाळीस,
त्याच्या आधीचा शिक्का उमटलाच नव्हता.

नंतर तिनं तोंडी सांगितलं, अर्जात नको म्हणाली,
नांदगायच्या त्या बाईचं.
पहाटे चारला झटके सुरू झाले.
मी टेकडीवर चढून रेंज शोधत होते, म्हणाली,
परवानगी विचारायला.
खाली तिची सासू किल्लीकडे बघत होती.

मी खण उघडला, कोरा कागद घ्यायला.
वरच ते उरलेलं लेटरहेड होतं.
माझा हात तिथं थांबला, हे मी कबूल करतो.
वनमालानं वाकून त्या सापावरून बोट फिरवलं.
जाड आहे, नाही जी? म्हणाली.

मी खालचा साधा कागद घेतला,
तारीख बदलली,
तीन प्रती काढल्या.

घाईचा आहे का, मी विचारलं.
घाईचाच आहे, भाऊ, ती म्हणाली,
पण वीसच घ्या.