आढ्याचं पाणी

गगनबावड्यात, घाट उतरायच्या आधी
भागाबाई बोडेकरचं चहाचं खोपट आहे.
पत्र्याचं आढं बरोब्बर त्या रेघेवर
जी मी तीन दिवस नकाशात शोधत होतो.

आढ्याच्या पश्चिमेचं पाणी
करूळच्या कड्यावरून उडी टाकतं
आणि विजयदुर्गच्या खाडीत मुक्कामाला जातं.
पूर्वेचं कुंभीत.
त्याला समुद्र इथून दिसतो.
दिवाळीनंतर, संध्याकाळी,
घासलेल्या तव्याच्या कडेएवढा.
तरी ते त्याच्याकडं पाठ करून निघतं
बाराशे किलोमीटर पल्याडच्या
दुसऱ्याच समुद्राकडं.
कुणाच्या सांगण्यावरून?
उताराच्या.

मी पाटबंधारे खात्यातला. मला नदी आकड्यांत येते.
तुळशीला पोटात घेऊन भोगावती येते,
बहिरेश्वराशी कुंभीला भेटते,
चिखलीला कासारी.
पाचवी सरस्वती, ती गुप्त.
साहेब म्हणाले, गुप्त नदीला रेघ नसते.
निधीही नसतो.

मग राजाराम बंधाऱ्याची पट्टी, फूट आणि इंच,
मळीचा वास,
आणि शिरोळच्या काळ्या रानात
किलोमीटरला जेमतेम वीतभर उतार.
तिथं ती इतकी वळते, इतकी वळते,
की वाटतं माघारी जायची वाट विचारतेय.

हे सगळं मी भागाबाईला सांगितलं.
नकाशाही उलगडून दाखवला, कोपऱ्यांवर बशा ठेवून.
ती म्हणाली, "व्हय का?"
आणि माझा पेला विसळायला घेतला.

चूळभर पाणी, तळाशी चहाचा गाळ.
पूर्वेचा दरवाजा तिच्या हाताशी होता.
ती उठली,
गुडघ्यावर हात दाबत सगळं खोपट ओलांडून
पश्चिमेच्या दारातून फेकलं,
कोकणात.

"इकडं टाकायचं की, जवळ पडतंय."

"न्हाई ओ.
धाकटी कुरुंदवाडला दिलीया.
ही नदी तिच्या दारावरनं जाती म्हनत्यात.
ती पितीया ते."

मी नकाशाची घडी घातली.
तिनं दुसरा पेला उचलला
आणि पुन्हा उठली.