खडेमीठ

सिर्तात चाळीस वर्षं व्याकरण शिकवलं.
चाखणं आणि जाणणं, लॅटिनमध्ये
एकच क्रियापद, पोरांनो. घोका.
त्यांनी घोकलं. मीही कधीकाळी असंच.

सणावारी देवळात जायचो,
जळत्या चरबीच्या धुरात डोळे चोळत.
तिथं कुणी प्रश्न विचारत नसे.
माझ्या शाळेत कुणी गुडघे टेकत नसे,
मार खाताना सोडून.

आज गुद्दुलच्या तेलघाण्यामागे,
पेंडीच्या आंबूस वासात,
त्यानं माझ्या जिभेवर खडेमीठ ठेवलं
भेगाळलेल्या बोटांनी.
अक्षरशत्रू माणूस.
"चावू नका, गुरुजी. विरघळू द्या."

तोंडाला पाणी सुटलं.
मग डोळ्यांना. तेही खारट.
कुठलं चाखल्याचं, कुठलं जाणल्याचं,
उभ्या जन्मात पहिल्यांदा
मला विग्रह करता येईना.